चुंबक न चिकटणारी भांडी

नोकरीतली सगळी वर्षं मी अंबडच्या एका कारखान्यात माल नापास करण्यात घालवली. क्वालिटीचा माणूस. समोर आलेला तुकडा उचलायचा, जाडी मोजायचं व्हर्नियर लावायचं, कडेवरून बोट फिरवायचं आणि मग तो एका ढिगात टाकायचा. घ्यायचा माल इकडे, परत पाठवायचा तिकडे. तिसरा ढीग नव्हता. निवृत्त होताना ही सवय तिथेच जमा करून यायला हवी होती, पण ती माझ्याबरोबर सिडकोतल्या घरी आली. बायको म्हणते, भाजीवाले तुम्हाला लांबून बघून टोमॅटो झाकून ठेवतात. यात तिखटमीठ पुष्कळ आहे, पण अगदीच खोटं नाही.

मुलीने जेवता जेवता सांगितलं की तिने पाथर्डी फाट्याला एक फ्लॅट भाड्याने घेतला आहे आणि पुढच्या आठवड्यात ती तिकडे राहायला जाणार आहे. बायकोला आधीच माहीत असावं, कारण ती ताटाकडे बघत राहिली. मी घास चावत होतो तो चावतच राहिलो. खूप काही बोलायचं होतं. घटस्फोट झाल्यावर ही मुलगी वर्षभराहून जास्त आमच्याकडे होती. तिची खोली तिला होती, आईच्या हातचं गरम जेवण होतं, ऑफिसला जायला दारातून रिक्षा मिळत होती. मग वेगळं बिऱ्हाड कशासाठी? सरळ सांगायचं तर तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. पण पस्तिशीला आलेल्या, कमावत्या मुलीला 'जाऊ नकोस' कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "भांडी मी घेणार."

ती हसली. "घ्या. पण थोडीच घ्या, बाबा."

फ्लॅट बघायला चला म्हणून बायकोने दोनदा विचारलं. मी म्हटलं, भिंती सगळीकडे सारख्याच असतात. खरं म्हणजे मी रुसलो होतो. रुसलेल्या माणसाने खरेदीला निघू नये हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

भांड्यांचा विषय आमच्या घरात तसा नाजूक आहे. तिच्या लग्नात मी भांडी घेतली होती ती अशी की रुखवताच्या टेबलापाशी तिच्या सासरचे लोक ती वाजवून बघत होते. जाड बुडाची पातेली, कल्हई केलेली पितळी परात, तांब्याचा हंडा, एकात एक बसणारे डबे. एकही हँडल ढिलं नव्हतं, एकही कड हाताला लागत नव्हती. ती सगळी तिकडेच राहिली. ती परत आली तेव्हा दोन बॅगा आणि लॅपटॉप घेऊन आली. मी म्हटलं होतं, टेम्पो करू, जाऊन घेऊन येऊ, आपण दिलेली भांडी आहेत. ती म्हणाली, "कुणाच्या दारात भांडी मागत उभं राहायचं नाही आपण." विषय संपला. माझ्यापुरता मात्र संपला नव्हता. लोकांना मुलीचा मोडलेला संसार आठवतो, मला त्याबरोबर ती परातही आठवायची आणि अशा वेळी आपल्याला परात का आठवावी याचा रागही यायचा.

तर यावेळी भांडी अशी घ्यायची की कोणी नावं ठेवू नयेत. मी अभ्यासाला बसलो. अभ्यास म्हणजे मोबाइल. एक बाई सांगत होती की नॉनस्टिक घरातून आजच्या आज बाहेर काढा. दुसरी म्हणाली की नॉनस्टिक वाईट नसतं, तुमचा चमचा वाईट असतो. एक दाढीवाला तरुण बिडाची कढई मांडीवर घेऊन तिला तेल चोळत होता आणि ही नातवंडांपर्यंत टिकेल असं म्हणत होता. त्याच्या पुढच्याच व्हिडिओत एक डॉक्टर लोखंडात टोमॅटो शिजवू नका म्हणून बजावत होते. स्टील तीन थरांचं घ्या. तीन थरांत मधला थर कसला आहे ते बघा. मिक्सर जास्त वॉटचा घ्या. जास्त वॉटचा मिक्सर एकट्या माणसाची चटणी वाटतच नाही, ती भांड्याच्या भिंतीला उडवून लावतो. सुरी जपानी घ्या. सुरी कशाला, कांदा कापायला दोरी ओढायचं भांडं मिळतं ते घ्या. कारखान्यात निदान ड्रॉइंग असायचं. इतका व्यास, इतकी जाडी, इतकी सूट. इथे स्वयंपाकघराचं ड्रॉइंग प्रत्येकाच्या खिशात वेगळं होतं आणि जो तो आपलंच खरं म्हणून शपथ घेत होता. चार दिवसांत माझी अशी अवस्था झाली की आमच्याच घरातल्या कढईकडे मी संशयाने बघायला लागलो.

"तुला विचारतो," मी बायकोला म्हणालो. "चांगलं भांडं म्हणजे काय?"

ती मेथी निवडत होती. "जे घासायला आपल्यालाच लागतं ते लहान असावं."

"हे काय उत्तर झालं?"

"मग तुमचं तुम्ही बघा."

मी माझं मी बघितलं. या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मला पक्की माहीत होती आणि बुडणाऱ्याने फळी धरावी तशी मी ती धरली. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. आमच्या कारखान्यात हे शेंबडं पोरही सांगेल. अंबड-सातपूरमध्ये आयुष्य काढलेले माझ्यासारखे जे लोक आहेत ते भांड्याच्या दुकानात जाताना खिशात चुंबक घेऊन जातात. चिकटलं की हलका माल, नाही चिकटलं की चांगला. चुंबक न चिकटणाऱ्यांतही दोन जाती असतात आणि त्यातली एक तितकीशी बरी नसते, हेही मला माहीत होतं. पण त्यासाठी वजन आणि चकाकी बघायची माझी नजर होती. मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक शोधून काढलं, व्हर्नियर पुसून पिशवीत टाकलं आणि बायकोला घेऊन भांडीबाजारात गेलो.

दुकान तेच, लग्नाच्या वेळचं. दुकानदार माझ्याच वयाचा, गादीवर बसलेला. त्याने आम्हाला ओळखलं.

"या साहेब! लय दिवसांनी. ताई बरी हाय ना सासरी?"

"बरी आहे," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. मी लगेच चुंबक काढलं, त्यामुळे पुढचा प्रश्न टळला.

त्याने कढया, पातेली, तवा, कुकर असं एकेक पुढे करायला सुरुवात केली. मी प्रत्येकाच्या बुडाला चुंबक लावत होतो. चिकटलं की बाजूला. मग पातेलं काउंटरच्या काचेवर ठेवून टिचकी मारून फिरवायचं. बूड सपाट असेल तर ते अडखळतं, फुगलेलं असेल तर भोवऱ्यासारखं गरगरतं. मग हँडलचे रिव्हेट. मग कडेची जाडी. व्हर्नियर बाहेर काढलं तेव्हा बायको दोन पावलं मागे सरकून दुसऱ्याच गिऱ्हाइकाबरोबर आल्यासारखी उभी राहिली.

एक पातेलं अगदी देखणं होतं. तीन थरांचं, जड, हँडल हाताला छान बसणारं. बुडाला चुंबक लावलं तर ते टक्कन चिकटलं. मी ते परत केलं.

"साहेब, हे आजकाल लय चालतं. याचं बूड मुद्दाम असं केलेलं असतं," दुकानदार म्हणाला.

"मुद्दाम हलकं करतात होय?" मी म्हटलं. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नवीन गिऱ्हाईक आलं होतं, तो तिकडे वळला. मला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

शेवटी दोन पातेली, एक कढई, एक कुकर आणि झाकणं असा माल पास झाला. कशालाच चुंबक चिकटत नव्हतं. बूड सपाट, कड गोल, वजन भरदार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोकं शांत झालं होतं. आपण मुलीसाठी काहीतरी नीट केलं, असं वाटत होतं.

"नाव काय घालायचं?" दुकानदाराने नाव कोरायचं मशीन हातात घेऊन विचारलं.

भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. कार्याच्या घरी भांडी जातात, शेजारी जातात, चार घरच्या भांड्यांत मिसळतात, नाव असलं की परत येतात. आमच्याकडे माझ्या आईच्या नावाचा तांब्या अजून आहे. लग्नातल्या भांड्यांवर मुलीचं सासरचं नाव याच माणसाने याच मशीनने घातलं होतं, पुढे सौ. लावून. आता तो पातेलं मांडीवर उलटं धरून माझ्याकडे बघत होता.

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "राहू द्या ना नाव."

"बिननावाचं कसं न्यायचं?" मी म्हटलं. मग मी मुलीचं नाव, मग माझं नाव, मग आमचं आडनाव सांगितलं. शाळेत होतं तसं.

दुकानदाराचा हात थांबला. त्याला आता समजलं असावं. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "पुढं काय लावू? कुमारी, की..."

सौ. लावता येत नव्हतं. कुमारी लावायचं तर ती काय शाळकरी पोर होती? श्रीमती म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच कपाळाकडे बघतात. एका पातेल्यावर लावायला माझ्या मुलीसाठी भाषेत शब्द शिल्लक नव्हता. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडतो.

"काही लावू नका. नुसतं नाव घाला," मी खेकसलो.

मशीन घर्र करून चालू झालं. अक्षरं सुंदर आली.

रविवारी सकाळी आम्ही तिच्या फ्लॅटवर गेलो. मी पहिल्यांदाच. तिसरा मजला, छोटी बाल्कनी, तिथून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. भिंती सगळीकडे सारख्या नसतात हे मला कबूल करावं लागलं. तिने पडदे पिवळे लावले होते आणि खिडकीत तुळस ठेवली होती. ती स्वतः एका नव्या टी-शर्टात इकडून तिकडे धावत होती, पाच मिनिटांत दोनदा हसली. आमच्या घरी ती दिवसाकाठी एवढी हसत नव्हती. हे मला दिसलं आणि मी ते कुठे ठेवावं ते मला कळेना.

बायकोने ओट्यावर हळदकुंकू वाहिलं. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं असतं. भाड्याचं घर असलं म्हणून काय झालं, असं ती आदल्या रात्रीपासून म्हणत होती. मी पिशवीतून मोठं पातेलं काढलं, ते धुतलं, तिने त्यात दूध ओतलं. आणि मग मी ओट्याकडे बघितलं. तिथे गॅस नव्हता. एक काळी गुळगुळीत काच होती.

"इंडक्शन आहे, बाबा. सिलिंडरची भानगडच नको म्हटलं."

मी मान डोलावली. माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही, हे सांगायला लाज वाटते. आमच्या कारखान्यात इंडक्शनवर गिअर तापवून कडक करायचं अख्खं मशीन होतं. त्याच्यासमोर मी वर्षानुवर्षं उभा राहिलो आहे. लोखंड कसं लालबुंद होतं आणि शेजारी ठेवलेला पितळेचा तुकडा कसा तसाच राहतो, हे मी नव्या पोरांना समजावून सांगायचो. पण ते कारखान्यात. स्वयंपाकघरात दूध चुलीवर तापतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिने पातेलं काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. ते यंत्र टीं टीं करून ओरडलं, आकड्यांच्या जागी एक इंग्रजी अक्षर चमकलं आणि सगळं बंद झालं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टीं टीं. पातेलं थोडं सरकवून बघितलं. बायकोचा हात हळदीकुंकवाच्या कुयरीवर तसाच थांबला होता. दूध गार होतं.

"खराब दिसतंय मशीन," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी लिहिणार आहे, कारण तेच मला अजून उलगडत नाही. मला बरं वाटलं. आत कुठेतरी अगदी गार वाटलं. दूध तापत नाही, म्हणजे स्वयंपाक होणार नाही, म्हणजे ही संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येईल, उद्याही येईल, मग रोज कशाला ये-जा म्हणून एखादे दिवशी बॅगा घेऊनच येईल. हे सगळं एका टीं टीं मध्ये माझ्या डोक्यात आलं. मी तिच्यासाठी दहा भांडी नापास करून चार निवडली होती, आणि ती चारही चालली नाहीत म्हणून मी मनात पेढे वाटत होतो. मी नक्की कोणाच्या बाजूचा होतो?

"आज घरीच चल जेवायला," बायको हळूच म्हणाली. "दुधाचं परत बघू चांगला दिवस बघून."

"थांब गं आई." मुलीने पातेल्यातलं दूध एका तांब्यात ओतलं, पातेलं उलटं केलं आणि बूड बघितलं. "बाबा, तुम्ही हे चुंबक लावून घेतलंत का?"

"अर्थात!" मी म्हणालो. त्यातही माझा आवाज अभिमानाचाच होता.

"आणि चिकटलं ते सगळं परत केलंत."

मग मला कळलं. ज्याला चुंबक चिकटतं तेच इंडक्शनवर तापतं. दुकानातलं ते देखणं पातेलं डोळ्यांपुढे आलं आणि दुकानदार काय सांगत होता तेही. मी खाली बसलो. तिथे खुर्ची नव्हती, तांदळाची गोणी होती, तिच्यावर बसलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर हसूच येत होतं. पण मग तिने पातेलं उजेडाकडे फिरवलं आणि कडेखाली कोरलेलं नाव तिला दिसलं. तिने ते वाचलं. तिचं हसू गेलं.

"हे कोणी घालायला सांगितलं?"

"मी. का? तुझंच नाव आहे."

"माझं आणि तुमचं." तिने दुसरं पातेलं उचललं, मग कढई, मग कुकरचं झाकण. सगळीकडे तेच. "लग्नातल्या भांड्यांवर घातलंत तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या भांड्यांवर माझं नाव काय असावं हे मला सोडून सगळे ठरवतात."

"अगं, नाव नसलं तर भांडी ओळखायची कशी? मिसळतात लोकांच्या भांड्यांत."

"बाबा, मी इथे एकटी राहणार आहे. कुणाच्या भांड्यांत मिसळणार?"

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. खरोखर विचारावं तसं विचारलं होतं. बायकोने कुंकवाची कुयरी पुसायला घेतली, जी स्वच्छच होती. बाल्कनीच्या बाजूने कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

मग मुलीने बॅगेतून एक जुनं पातेलं काढलं. होस्टेलपासूनचं, त्यात ती मॅगी करायची. एका बाजूने चेपलेलं, बूड काळवंडलेलं, हँडलचा एक रिव्हेट हलत होता. आमच्याकडे तपासणीला आलं असतं तर मी हातही लावला नसता. तिने माझ्यापुढे हात केला, "चुंबक द्या." मी खिशातून काढून दिलं. ते टक्कन चिकटलं. तिने त्यात दूध घातलं, काचेवर ठेवलं, आणि बघता बघता ते फुगून वर आलं, कडेवरून उतरलं, काचेवर पसरलं, करपलं. बायकोने हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही हात जोडावे लागले. दूध उतू गेलं याचा आनंद झाला आणि ते उतू गेलं याचं वाईटही वाटलं. दोन्ही खरं होतं. तिसरा ढीग मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला आणि त्यात काय टाकायचं ते मला माहीत नव्हतं.

भांडी परत करायला मी एकटाच गेलो. दुकानदाराने नाव बघितलं आणि मान हलवली. "नाव घातलं की माल तुमचा झाला, साहेब. दुसऱ्याला कसा इकू?" तो बरोबर होता. म्हणून ती भांडी आमच्याच घरी आली. बायकोने ती वापरायला काढली. आमचा गॅस आहे, त्यावर ती फार छान चालतात. भात खाली लागत नाही. रोज सकाळी चहाला गेलो की ओट्यावर मुलीचं नाव असतं आणि ती नसते.

मधल्या दिवसांत ती येऊन जात होती, पण जेवायला थांबत नव्हती. भांड्यांचं काय केलं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सल्ला दिला असता. मोबाइलवर मात्र अजून कढया येतच होत्या. एकदा तुम्ही कढईकडे बघितलंत की त्या तुम्हाला सोडत नाहीत. मी आता इंडक्शनवरच्या कढया बघत होतो, तिला पाठवायच्या म्हणून निवडून ठेवत होतो आणि पाठवत नव्हतो. काय पाठवलं की मदत होते आणि काय पाठवलं की ढवळाढवळ, याचं माप माझ्याकडच्या कुठल्याच हत्याराला नव्हतं.

मग तिने आम्हाला जेवायला बोलावलं. निघताना बायकोने माझा खिसा चाचपला. चुंबक नव्हतं, मीच घरी ठेवलं होतं. तिला ते खरं वाटेना, तिने दुसराही खिसा बघितला.

ओट्यावर तिची खरेदी मांडलेली होती. एक मध्यम कढई, एक पातेलं, एक सपाट तवा, कांदा कापायचं ते दोरीवालं भांडं, एक सुरी. बहुतेक ऑनलाइन. कढई पातळ होती, ते लांबूनही दिसत होतं. सुरीची मूठ प्लास्टिकची होती. कशावरही नाव नव्हतं. तिने मेथीची भाजी केली होती, वरणभात आणि फुलके. फुलके फुगले नव्हते, काचेवर जाळ नसतो त्याला ती तरी काय करणार? मी काहीही बोललो नाही. बायको अधूनमधून माझ्याकडे बघत होती, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघतात तशी.

तिने चटई घातली आणि ताटं मांडली. नवी कोरी, स्टीलची. मी माझं ताट जवळ ओढताना सवयीने कडेवरून बोट फिरवलं. कड नीट वळवलेली नव्हती, बोटाला किंचित लागत होती. तीन ताटं चटईवर होती आणि ओट्यावरच्या भांड्यांच्या जाळीत एकही उरलं नव्हतं.

"सहाचा सेट येतो ना?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"दुकानदारही तेच म्हणत होता," ती फुलक्यांचा डबा घेऊन येत म्हणाली. "मी म्हटलं, मला तीनच लागतात. आई, बाबा आणि मी. शेवटी त्याने सेट फोडून दिला."

कोथिंबिरीची जुडी अर्धी करून आणली, असं सांगावं तितक्या सहज तिने ते सांगितलं आणि ती फुलके वाढायला लागली. माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. कोणी पाहुणा आला तर? मैत्रिणी येतील. उद्या कोणी... त्या 'कोणी'पाशी ते वाक्य अडकलं. तिच्या घरातल्या तीन ताटांपैकी दोन आमची होती. आमचं तिथे ताट होतं, ते तिने स्वतः निवडून, भांडून आणलं होतं, आणि आम्ही दोघं गेल्यावर त्यातली दोन जाळीत तशीच राहणार होती. हसावं की रडावं ते मला समजेना. बायकोने माझ्याकडे बघितलंच नाही, ती भातावर तूप घालत राहिली.

"बाबा, ताट बरं आहे ना? नापास तर नाही?" तिने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहून विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत ती भाजीची पळी हातात धरून उभी होती.

"भाजी वाढ," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं.